लाँग शॉट म्हणजे सिक्सर नव्हे : गाण्यांतून इंग्रजी वाक्प्रचार शिकता येतात का?

आज मातीतल्या जिवाणूंना जरा सुट्टी. आजचा विषय माझ्या एका फजितीतून निघालाय.

दोन वर्षांपूर्वी एका ऑनलाइन बैठकीत मी माझी कल्पना मांडली. आपल्या खारपाणपट्ट्यातल्या मातीतला एक जिवाणू हरभऱ्याला उपयोगी पडेल, असं माझं म्हणणं होतं. पलीकडचे एक परदेशी शास्त्रज्ञ हसून म्हणाले, 'दॅट्स अ लाँग शॉट.' मी क्रिकेट बघत मोठी झालेली. लाँग शॉट म्हणजे चेंडू थेट सीमेपार! मी 'थँक यू सर' म्हटलं आणि पुढचे दोन महिने त्याच प्रयोगात घातले. नंतर खोलीतल्या मैत्रिणीला हे कौतुकानं सांगितलं, तर ती कपाळावर हात मारून म्हणाली, 'अवं, तो तुले नाही म्हणत होता वं!' लाँग शॉट म्हणजे जमण्याची शक्यता फार कमी.

मी मराठी शाळेतून आलेली. शोधनिबंध वाचता येतात, पण लोक बोलायला लागले की गाडी अडते. मैत्रीण मात्र असे शब्द सहज पकडते. तिला विचारलं तर म्हणाली, 'गाणी ऐकून.' माझा विश्वास बसेना, म्हणून या विषयावरचं संशोधन वाचून काढलं.

पहिला प्रश्न : वाक्प्रचार इतके अवघड का जातात? कारण त्यांचा अर्थ शब्दांच्या बेरजेतून निघत नाही. 'त्यानं माती खाल्ली' हे आपण ऐकतो तेव्हा तोंडात माती गेलेला माणूस डोळ्यांसमोर येत नाही, थेट चूक दिसते. पूर्ण वाक्प्रचार एका शब्दासारखा डोक्यात बसलेला असतो. २०११ साली सियानोव्हा-चांतुरिया आणि सहकाऱ्यांनी वाचकांच्या डोळ्यांची हालचाल मोजली. इंग्रजी मातृभाषा असलेले लोक ओळखीचा वाक्प्रचार साध्या नव्या शब्दसमूहापेक्षा भरभर वाचत होते. इंग्रजी नंतर शिकलेल्यांना तसा फायदा मिळत नव्हता, उलट लाक्षणिक अर्थापाशी ते जास्त रेंगाळत होते. म्हणजे माझ्यासारखे लोक एकेक शब्द सुटा सोडवत बसतात. लाँग... शॉट... अच्छा, सिक्सर!

दुसरा प्रश्न : अख्खा तुकडा डोक्यात बसवायला गाणं मदत करतं का? एडिनबरा विद्यापीठात लडकी, फेरेरा आणि ओव्हरी यांनी ६० प्रौढांना हंगेरियन वाक्यं शिकवली. हा शोधनिबंध २०१४ सालचा. तीन गट केले : एकानं वाक्यं नुसती बोलायची, दुसऱ्यानं ठेक्यात बोलायची, तिसऱ्यानं गायची. वेळ फक्त १५ मिनिटं. नंतरच्या चाचण्यांमध्ये एकूण पाहता गाणारा गट सरस ठरला. आपल्याला यात नवल नको. पाढे आपण चालीतच पाठ केलेत ना!

२०१९ साली पाव्हिया, वेब आणि फाएझ यांनी थायलंडमधल्या ३०० विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. गाणी ऐकून शब्द कानावर बसतात, आणि तेच गाणं पुन्हा पुन्हा ऐकलं तर फायदा वाढतो, असं त्यांना दिसलं. धडा कोणी पाच वेळा आपणहून वाचत नाही, गाणं मात्र पन्नास वेळा ऐकतो.

पण खरी मेख पुढे आहे. शब्द कानावर बसले म्हणून अर्थ बसतोच असं नाही. टिम मर्फी यांनी १९९२ साली ५० इंग्रजी गाणी तपासली. शब्द सोपे, पुनरुक्ती भरपूर, पण कोण, कुठे, कधी बोलतंय याचा पत्ता बहुधा नसतो. 'तू' म्हणजे कोणीही. म्हणून गाणं आपलंसं वाटतं, आणि म्हणूनच संदर्भावरून अर्थ काढणं कठीण जातं.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. अकोल्याचे कवी विठ्ठल वाघ यांची 'काया मातीत' ही कविता गाणं होऊन महाराष्ट्रभर गेली. वऱ्हाडीत 'काया' म्हणजे काळ्या. वऱ्हाडाबाहेरच्या माणसाला इथे 'काया' म्हणजे शरीर वाटू शकतं! चाल त्याला पाठ होईल, अर्थ कोणीतरी सांगावाच लागेल.

आता पाचगणीला चला. तिथल्या सेंट पीटर्स शाळेत फारुख बलसारा नावाचा पारशी मुलगा शिकायला होता. १९५८ साली त्यानं मित्रांसोबत 'द हेक्टिक्स' हा बँड काढला आणि शाळेत इंग्रजी रॉक गाणी वाजवू लागला. पुढे तोच क्वीन बँडचा फ्रेडी मर्क्युरी झाला. १९८० साली त्यानं गायलेल्या, जॉन डीकननं लिहिलेल्या एका गाण्याचं शीर्षक आहे 'अनदर वन बाइट्स द डस्ट'. 'बाइट द डस्ट' याचा शब्दशः अर्थ घेतला तर आपण 'माती खाल्ली'वर जाऊ, म्हणजे चूक केली. तो अर्थ नाही. माणूस पडला, हरला, मेला, किंवा एखादी वस्तू कायमची बंद पडली, असा तो अर्थ. जवळचं मराठी म्हणजे 'धूळ चाटली'. चित्र सारखं म्हणून अर्थ सारखा, हे गृहीत धरू नका.

बोलीतल्या शब्दांचं तर आणखी वेगळं. रोलिंग स्टोन्सच्या १९६५ च्या प्रसिद्ध गाण्याच्या शीर्षकातच 'कान्ट' आणि 'नो' असे दोन नकार आहेत. बोलीत ते चालतं, तिथे दोन नकारांचा होकार होत नाही. शोधनिबंधात लिहाल तर लाल शाई ठरलेली. सोपा नियम सांगते : अकोल्यात मित्राला 'काय बे' म्हणतो, गाइडला म्हणतो का? इंग्रजी बोलीतल्या प्रत्येक शब्दाला असाच एक 'बे' चिकटलेला असतो. तो कोणापुढे चालतो, हे शब्दाबरोबरच शिकायचं.

मी आता काय करते, तेही सांगते. आठवड्याला एकच गाणं. आधी नुसतं ऐकते आणि जे ऐकू आलं ते लिहून काढते. मग छापील शब्दांशी ताडून बघते. एकच वाक्प्रचार निवडून शब्दकोशात पाहते. शिकणाऱ्यांसाठीच्या शब्दकोशात 'अनौपचारिक' वगैरे खूण असते, ती आवर्जून बघते. मग त्यावर माझ्या प्रयोगशाळेतलं एक वाक्य रचते आणि शेवटी गाणं मोठ्यानं म्हणते. शेजारच्या खोलीतून तक्रारी येतात, ते सोडा.

गेल्या महिन्यात पुन्हा तशीच बैठक होती. या वेळी मीच म्हटलं, 'सर, हा जरा लाँग शॉट आहे, पण करून बघायचा आहे.' ते हसले आणि नेमकं काय अडेल ते समजावून सांगितलं. दोन महिने वाचले.

तुमचीही अशी फजिती झाली असेल तर खाली नक्की लिहा. पुढच्या वेळी परत माती. म्हणजे खरीखुरी!