फोर्डच्या फ्लॅटहेड व्ही-८ इंजिनाचे वय

फ्लॅटहेड इंजिनात व्हॉल्व्ह हेडमध्ये नसतात. ते ब्लॉकमध्येच, सिलिंडरच्या कडेला उभे बसवलेले असतात. त्यामुळे वरचे हेड म्हणजे स्पार्क प्लगची भोके आणि पाण्याच्या वाटा असलेले एक चपटे, जड झाकणच. अशी इंजिने अनेक कंपन्यांनी बनवली, पण जुन्या गाड्यांच्या शौकिनांना सर्वाधिक कोड्यात टाकते ते फोर्डचे व्ही-८. ते १९३२ च्या मार्चमध्ये बाजारात आले आणि अमेरिकेतल्या फोर्ड गाड्यांत १९५३ पर्यंत टिकले. आठही सिलिंडर आणि क्रँककेस एकाच बिडाच्या ओतकामात काढण्याचे अवघड काम फोर्डने मोठ्या प्रमाणावर साधले, म्हणून सामान्य ग्राहकाला परवडेल अशा गाडीत आठ सिलिंडर आले.

वय ठरवताना पहिली फसगत क्रमांकामुळे होते. १९३२ ते १९४८ या काळात फोर्ड ब्लॉकवर अनुक्रमांक ठोकत नसे. तो गिअरबॉक्सच्या कवचावर आणि चॅसीवर असे. कागदपत्रांतला ‘इंजिन नंबर’ जुळला, तरी ब्लॉक मूळचाच आहे हे त्यातून सिद्ध होत नाही. त्यात भर म्हणजे झिजलेले इंजिन देऊन दुरुस्त केलेले घेण्याची सोय खुद्द फोर्डचे विक्रेते देत असत. म्हणून गाडीचे साल आणि इंजिनाचे साल वेगळे निघाले तर नवल नाही. साक्ष घ्यायची ती ओतलेल्या लोखंडाचीच.

सर्वात भरवशाची खूण म्हणजे हेड धरून ठेवणाऱ्या स्टडची संख्या. ती एका बाजूच्या हेडवर मोजतात. १७ स्टड असतील, तर ते १९३७ ते १९४० दरम्यानचे, फक्त ६० अश्वशक्तीचे छोटे इंजिन. २१ स्टड असतील, तर ते १९३२ ते १९३७ मधले किंवा फार तर १९३८ च्या सुरुवातीचे. त्यानंतर २४ स्टड आले. स्टडची भोके ब्लॉकमध्येच असल्याने ही खूण बदलणे सोपे नाही. कार्ब्युरेटर, मॅनिफोल्ड, अगदी हेडसुद्धा पुढे कुणीही बदललेले असू शकते.

२१ स्टडच्या इंजिनात पुढची पायरी वॉटर पंपांची. १९३६ पर्यंत दोन्ही पंप हेडच्या पुढच्या टोकाला होते. १९३७ मध्ये ते ब्लॉकच्या पुढच्या भागात उतरले आणि पाण्याची नळी हेडच्या मध्यावरून निघू लागली. एवढ्या एका नजरेने शोध बराच आवळला जातो.

२४ स्टडच्या घराण्यात मोठी फूट १९४८-४९ ची. त्याआधीच्या ब्लॉकच्या मागे क्लचवरची अर्धगोल कमान ब्लॉकसोबतच ओतलेली असते. डिस्ट्रिब्युटर अगदी समोर, कॅमशाफ्टच्या टोकाला बसतो. १९४१ पर्यंत त्याचा घाट टोपासारखा, १९४२ पासून खेकड्यासारखा पसरट. १९४८ च्या ट्रकांत आणि १९४९ च्या गाड्यांत नवी रचना आली. ब्लॉकची मागची बाजू सपाट झाली, क्लचचे कवच वेगळे बोल्टने लागू लागले, डिस्ट्रिब्युटर एका बाजूला उभा राहिला आणि पाण्याच्या वाटा हेडच्या पुढच्या टोकाला गेल्या. या काळातल्या फोर्ड गाड्यांच्या इंजिनाला शौकीन ‘८बीए’ म्हणतात.

ओतीव अक्षरे वाचण्याआधी वायर ब्रश आणि रॉकेलने तेलकट थर उतरवावा लागतो. मागच्या कमानीच्या माथ्यावर ‘५९’, ‘५९ए’ किंवा ‘५९एबी’ अशी उठावाची अक्षरे दिसली, तर ते महायुद्धानंतरच्या गाड्यांतले २३९ घनइंची इंजिन असण्याची दाट शक्यता असते. हेडवर ‘ईएबी’ असेल तर ते हेड १९५२-५३ चे. मात्र असा आकडा त्या भागाची रचना कधी ठरली ते सांगतो. भाग प्रत्यक्ष ओतला गेला तो दिवस सांगत नाही. जुन्या साच्याचे भाग पुढची अनेक वर्षे निघत राहिले, आणि नेमके इथेच घाईने तारीख सांगणारे चुकतात.

मापे शेवटी घ्यावीत. सुरुवातीच्या २२१ घनइंची इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ७७.८ मिलिमीटर होता. १९३९ मध्ये फोर्डच्याच मर्क्युरी गाड्यांसाठी आणि १९४६ पासून फोर्ड गाड्यांसाठी तो सुमारे ८१ मिलिमीटर झाला. पण जुना ब्लॉक रिबोअर करून मोठा करता येतो, त्यामुळे बोअरवर एकट्याने विसंबू नये. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची चाल, दोन्हीत ९५ मिलिमीटरच्या आसपास. हेड काढल्यावर पिस्टनची चाल १०१.६ मिलिमीटर भरली, तर आत १९४९ पासूनच्या २५५ घनइंची मर्क्युरीचा क्रँक आहे. हा क्रँक फोर्डच्या ब्लॉकमध्ये बसतो आणि वेगाच्या शौकिनांनी तो आवडीने बसवला, म्हणून त्यावरून ब्लॉक मर्क्युरीचा ठरत नाही.

भारतात सापडणाऱ्या इंजिनांबाबत आणखी एक शक्यता लक्षात घ्यावी लागते. दुसऱ्या महायुद्धात कॅनडात बनलेले फोर्डचे लष्करी ट्रक भारतीय सैन्यानेही वापरले, आणि त्यांतही हेच २३९ घनइंची व्ही-८ होते. त्यामुळे १९३० च्या दशकातल्या एखाद्या गाडीत २४ स्टडचे मोठे इंजिन आढळले, तर ते अशा ट्रकातून आले आहे का, हे आधी तपासावे.