डॉक्टरीणबाईंसाठी रस्त्यावर उतरलेल्या माता

एखाद्या डॉक्टरला रुग्णालयातून निलंबित केल्याची बातमी वाचली की आपण मनातल्या मनात निकाल देऊन मोकळे होतो. ‘काहीतरी गफलत केली असणार, विस्तवाशिवाय धूर निघत नाही,’ असे घराघरात म्हटले जाते. पण लंडनच्या डॉ. वेंडी सॅव्हेज यांची हकिगत वाचल्यावर असा झटपट निकाल देताना कोणीही थोडे थांबेल.

१९३५ मध्ये जन्मलेल्या डॉ. सॅव्हेज यांनी केंब्रिज व लंडन येथे वैद्यकीय शिक्षण घेतले. नायजेरिया, केनिया, न्यूझीलंड अशा देशांत काम करून त्या पूर्व लंडनमधील ‘लंडन हॉस्पिटल’मध्ये आल्या. तेथील प्रसूती व स्त्रीरोग विभागातील त्या पहिल्या महिला कन्सल्टंट. स्वतः चार मुलांची आई असलेल्या या बाई गरीब वस्तीतील स्त्रियांना चांगल्या ठाऊक होत्या. गर्भवतींना तपासणीसाठी मोठ्या रुग्णालयात खेटे घालावे लागू नयेत म्हणून त्या वस्तीतल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात जाऊन त्यांना तपासत. या भागात बांगलादेशातून आलेली कुटुंबेही मोठ्या संख्येने राहत होती.

पाच बाळंतपणे आणि एक आदेश

एप्रिल १९८५ मध्ये डॉ. सॅव्हेज यांच्या हाती निलंबनाचा आदेश पडला. पाच बाळंतपणे त्यांनी अकार्यक्षमपणे हाताळली, असा आरोप होता. त्यांतील एक बाळ जन्मानंतर काही दिवसांनी दगावले होते. आरोप किरकोळ नव्हता. ज्या आईची कूस रिकामी झाली, तिच्या दुःखापुढे डॉक्टरांचे आपसातले वाद खुजेच ठरतात.

पण वाद होता, आणि तो जुना होता. विभागप्रमुख प्राध्यापक व इतर काही सहकारी यांच्याशी बाईंचे पटत नव्हते. स्त्रीची व बाळाची प्रकृती ठीक असेल, तर कळांना वेळ द्यावा आणि काय करायचे ते तिला विश्वासात घेऊन ठरवावे, असे बाईंचे मत. सहकाऱ्यांना वाटे की, यात धोका आहे. वेळीच शस्त्रक्रिया केलेली बरी. गर्भपाताच्या बाबतीतही स्त्रीचे म्हणणे आधी ऐकावे, असा बाईंचा आग्रह असे. बाळंतपणाची सूत्रे कोणाच्या हाती, हाच खरा प्रश्न होता.

निलंबनाच्या काळात पगार चालू होता. नियमाच्या भाषेत निलंबन ही शिक्षा नव्हतीच. परंतु ज्या डॉक्टरला वॉर्डात पाऊल टाकता येत नाही, तिला ही शिक्षा नव्हे असे कोणी सांगावे?

उघड चौकशी

अशा चौकशा सहसा बंद दाराआड होतात. बाईंनी मात्र आपली चौकशी सर्वांसमोर व्हावी, असा आग्रह धरला. त्यांनी बाळंतपण केलेल्या स्त्रिया कडेवर मुले घेऊन मोर्चात आल्या. परिसरातील अनेक डॉक्टरही पाठीशी उभे राहिले. १९८६ च्या सुरुवातीस एका बॅरिस्टरच्या अध्यक्षतेखाली सुनावणी झाली. एकेका बाळंतपणाचा तासातासाचा हिशेब मांडला गेला. तज्ज्ञांच्या साक्षी झाल्या, आणि तज्ज्ञांतही एकमत नव्हते!

जुलै १९८६ मध्ये निकाल लागला. काही बाबींवर टीका होती, पण अकार्यक्षमतेचा आरोप समितीने फेटाळला. बाई पुन्हा कामावर रुजू झाल्या. सव्वा वर्षाहून अधिक काळ मात्र गेला तो गेलाच. आपला अनुभव त्यांनी त्याच वर्षी पुस्तकरूपाने मांडला. पुढे १९८९ मध्ये त्या ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलवर निवडून गेल्या व २००५ पर्यंत तेथे होत्या.

आपल्या घरातला प्रश्न

आता आपल्याकडे पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९-२१ मध्ये देशातील २१.५ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली. सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण १४.३ टक्के, तर खाजगी रुग्णालयांत ४७.४ टक्के होते. सिझेरियनने असंख्य माता व बाळांचे प्राण वाचतात, हे विसरून चालणार नाही. तरीही सरकारी आणि खाजगी यांतली ही तफावत विचार करायला लावणारी आहे.

निलंबनाबाबतही आपल्याकडे कायदा आता बोलू लागला आहे. तीन महिन्यांत आरोपपत्र दिले नाही तर सरकारी कर्मचाऱ्याचे निलंबन त्यापुढे लांबवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये म्हटले. चौकशी रेंगाळली की निर्दोष माणूस विनाकारण भरडला जातो, आणि दोषी असेल तर रुग्णाच्या नातेवाइकांना न्यायाची वाट पाहावी लागते.

म्हणून घरात बाळंतपण असेल तेव्हा डॉक्टरांना आदराने पण स्पष्ट विचारावे : शस्त्रक्रिया कशासाठी? थांबलो तर धोका कोणता? चांगला डॉक्टर अशा प्रश्नांनी रागावत नाही. आणि उद्या एखाद्या डॉक्टरच्या निलंबनाची बातमी वाचनात आली, तर चौकशीचा निकाल येईपर्यंत आपणही आपला निकाल जरा राखून ठेवावा.