सहा तातामींची खोली आणि आमचं दिवाळीचं पान

तोक्योहून क्योतोला बिऱ्हाड हलवलं तेव्हा आम्ही एक सतरंजी बरोबर आणली. तिकडच्या सहा तातामींच्या खोलीत ती भिंतीपासून भिंतीपर्यंत बसायची. इथली खोलीही सहा तातामींचीच, पण सतरंजी चहूबाजूंनी तोकडी! शेजारच्या आजींनी उलगडा केला. क्योतोची पारंपरिक चटई साधारण 191 सेंटिमीटर लांब, तोक्योकडची 176. मोजायची रीतच वेगळी. इथे आधी चटया धरतात, खांब त्यांच्या बाहेर. तिकडे खांबाच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजतात, त्यामुळे खांबाची जाडी खोलीतूनच वजा होते.

हे आठवायचं कारण म्हणजे 2002 सालचं आमचं दिवाळीचं निमंत्रण. इथल्या पाचसहा मराठी कुटुंबांसाठी आम्ही हौसेनं वेबपान केलं. मराठी मजकूर, तोही रोमन लिपीत. 600 पिक्सेल रुंदीत दोन चौकटी: डावीकडे फराळाची वाटणी आणि भरपूर फोटो, उजवीकडे तारीख, वेळ, पत्ता. घरच्या जुन्या ब्राउझरमध्ये दोन्ही छान शेजारी बसल्या. आम्ही खूश!

दिवाळीला एक नवं जोडपं मात्र आलंच नाही. परदेशातली त्यांची पहिलीच दिवाळी. रात्री फोन केला तर वहिनी म्हणाल्या, "पानावर तारीख कुठे होती? आम्हाला वाटलं, नंतर कळवाल." आमच्या छातीत धस्स झालं. दुसऱ्या दिवशी फराळाचा डबा घेऊन गेलो आणि त्यांच्या नव्या ब्राउझरमध्ये पान पाहिलं. उजवी चौकट घसरून सगळ्या फोटोंच्या खाली, पार तळाशी गेली होती.

दोष आमच्या मोजमापाचा. डिसेंबर 1996 च्या सीएसएस नियमावलीप्रमाणे चौकटीची रुंदी म्हणजे फक्त मजकुराची रुंदी. कडेची मोकळी जागा, म्हणजे पॅडिंग, वेगळी मिळवायची. 300 ची चौकट, दोन्हीकडे 20 सोडले की 340. ही क्योतोची रीत. विंडोजवरचा इंटरनेट एक्स्प्लोरर 5 ही जागा 300 मधूनच कापून घेई. ही तोक्योची! 2001 च्या एक्स्प्लोरर 6 नं नियम पाळला, पण पानाच्या सुरुवातीला योग्य डॉक्टाइपची ओळ असली तरच. आमच्या दोन चौकटी नव्या मोजणीत 680 झाल्या, 600 मध्ये मावणार कशा?

उपाय सोपा निघाला. मोकळी जागा चौकटीला न देता आतल्या परिच्छेदांना दिली. मग दोन्ही ब्राउझरचा हिशेब जुळला. आणि तारीख-पत्ता सगळ्यात वर, साध्या ओळीत, चौकटीविना. सजावट कोलमडली तरी पाहुण्याला घर सापडलं पाहिजे.

गंमत बघा, पुढे सीएसएसमध्ये 'बॉक्स-सायझिंग' आलं आणि कुठल्या रीतीनं मोजायचं ते आपल्यालाच ठरवता येऊ लागलं. आज पुष्कळ जण मुद्दाम ती जुनी, कापून घ्यायची रीतच निवडतात!

असो. तेव्हापासून कुठलंही पान पाठवण्याआधी आम्ही ते दुसऱ्या कुणाच्या तरी घरी उघडून पाहतो. चहाही होतो, बरं का!