मनोविकार : लक्षणे व निदान

आदिलाबाद जिल्ह्याच्या मराठी भाषिक भागात एखाद्याचे वागणे एकाएकी बदलले, की कित्येकदा भानामतीचा संशय घेतला जातो. वस्तुतः मनोविकार हा आजारच होय. त्याचे निदान लक्षणे व त्यांचा कालावधी पाहून केले जाते. दोन आठवडे जवळजवळ रोज टिकणारी उदासी, झोप व भूक मंदावणे ही नैराश्याची, तर नसलेले आवाज ऐकू येणे हे छिन्नमनस्कतेचे लक्षण असू शकते. थायरॉइडसारखा शारीरिक आजारही तपासावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेचे अकरावे रोगवर्गीकरण २०२२ पासून अमलात आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार केवळ रूढी न पाळल्याने कोणी मनोरुग्ण ठरत नाही. संशयापायी उपचार लांबतात आणि निरपराध शेजाऱ्याचा जीवही धोक्यात येतो. तेव्हा वेळीच शासकीय रुग्णालय गाठावे, अथवा १४४१६ या निःशुल्क दूरध्वनीवर सल्ला घ्यावा.