सूट की तहकुबी?

दिवाळी जवळ आली की वर्तमानपत्रांच्या पानापानांतून एकच शब्द डोकावू लागतो. सूट! साडीवर सूट, शीतकपाटावर सूट, जुना मिक्सर देऊन नवा घेतलात तर आणखी सूट. मी महाविद्यालयात मराठी शिकवते, त्यामुळे शब्द दिसला की त्याचे कुळ विचारण्याची खोड जडली आहे. आज दुकानाच्या दारावर लोंबणारा हा शब्द एके काळी कचेरीत बसत असे. पीक बुडाले म्हणजे सरकार शेतसाऱ्यात सूट देई, आणि सूट देण्याइतके मन मोठे नसेल तर तहकुबी देई. सूट म्हणजे सारा माफ. तहकुबी म्हणजे सारा माफ नव्हे, पण आज नको, पुढे हाताशी पीक आले की भर. महसुलाच्या दप्तरात या दोघींची जोडी असे. त्यांपैकी सूट बाजारात आली आणि श्रीमंत झाली; तहकुबी मात्र बिचारी सभा आणि खटले पुढे ढकलण्यापुरती उरली.

घरातील विजेच्या वस्तूंवर सरकारकडून मिळणाऱ्या सवलतींची चर्चा हल्ली घरोघर ऐकू येते. ती ऐकताना मला राहून राहून वाटते, की सरकार देते आहे ती सूट, आणि पुष्कळ घरांना हवी आहे ती तहकुबी.

अलीकडची सर्वांत मोठी सूट म्हणजे छपरावरच्या सूर्यविजेची. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी ‘पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना’ सुरू झाली. एक कोटी घरे, ७५,०२१ कोटी रुपये खर्च आणि २०२६-२७ सालापर्यंत मुदत असा तिचा आराखडा. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठा संच बसविणाऱ्याला एकूण ७८,००० रुपये अनुदान. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट उन्हाची जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिटे वीज मिळते. पावसाळ्यात कमी, पण वर्षाचा हिशेब धरला तर तीन किलोवॅटवाल्या घराला महिन्याकाठी तीनशे-साडेतीनशे युनिटे सहज पडावीत. दुपारी घरात माणूस नसताना तयार झालेली वीज तारांतून बाहेर जाते, रात्री लागेल तेवढी परत येते, आणि दोहोंतली वजाबाकी मीटर करतो. व्यवस्था चोख आहे, यात वाद नाही.

परंतु अनुदान हातात पडते ते सगळ्यात शेवटी. आधी अर्ज, मग संच, मग नवा मीटर, मग तपासणी आणि त्यानंतर बँकेच्या खात्यात रक्कम. संचाची किंमत दीड ते दोन लाखांच्या घरात जाते, ती तोवर आपणच उभी करायची. त्यासाठी तारणावाचून कर्ज मिळण्याची सोय योजनेत आहे, हेही सांगितले पाहिजे. पण कर्ज मिळाले तरी छप्पर कुठून आणायचे? ज्याचे स्वतःचे छप्पर आहे, आणि महिन्याला तीनशे युनिटे जळतील इतका ज्याचा संसार वातानुकूलित आहे, त्याच्यासाठी ही योजना सोन्यासारखी. आपल्यासारखी माणसे मात्र दुसऱ्याच्या फरशीखाली आणि तिसऱ्याच्या छतावर राहतात.

सोसायट्यांना यात काहीच नाही असे नव्हे. जिना, पाण्याचा पंप, लिफ्ट अशा सामाईक वापरासाठी किलोवॅटला १८,००० रुपये मिळतात. आमच्या चोवीस बिऱ्हाडांच्या इमारतीत दहा किलोवॅटचा प्रस्ताव आला, म्हणजे अनुदान १,८०,००० रुपये. सभा भरली आणि गच्ची किती लोकांची असते हे मला त्या दिवशी कळले. वरच्या मजल्यावरच्यांना भीती, की सांगाड्याचे खिळे ठोकले की गळती त्यांच्याच पलंगावर. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना पापड-कुरडयांची चिंता. तरुण मंडळींना कोजागिरीची. हे सारे हसण्यावारी नेता आले. पण तळमजल्यावरचे एक आजोबा उठले आणि अगदी शांतपणे म्हणाले, “लिफ्ट मी वापरत नाही. पैसे वसूल व्हायला पाच-सहा वर्षे लागतील म्हणता. मी ब्याऐंशीचा आहे. माझ्या पेन्शनीतून माझा वाटा कशासाठी?”

सेक्रेटरींनी पॅनेले पंचवीस वर्षे टिकतात असे सांगितले, आणि त्या उत्तराने प्रश्न अधिकच बोचरा झाला. कोणी स्वार्थी म्हणेल, पण मला आजोबांचे गणित चुकलेले वाटले नाही. ज्याच्याजवळ वर्षे कमी किंवा पैसे कमी, त्याला ‘पुढे फायदा होईल’ हे आश्वासन महागच पडते. आधी वॉटरप्रूफिंग करावे आणि मग पाहावे असे ठरून सभा तहकूब झाली.

शिवाय सूट ही सरकारच्या मर्जीची वस्तू. पुण्यात आमच्या भागात असे घर विरळा, ज्याचे कोणी अमेरिकेत नाही. तिकडे २०२२ च्या कायद्याने हीट पंपाच्या किमतीचे तीस टक्के, कमाल दोन हजार डॉलर, आयकरातून वजा करता येऊ लागले. हीट पंप म्हणजे आपला एसी उलटा चालवावा तसे बाहेरच्या हवेतली ऊब ओढून घर तापविणारे यंत्र. लोक विचार करीत राहिले, किमती विचारीत राहिले, आणि जुलै २०२५ मध्ये दुसरा कायदा झाला : ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसविलेल्या यंत्राला ही सवलत नाही. माझ्या मामेबहिणीने शरद ऋतूतच घाईघाईने यंत्र बसवून घेतले. तिच्या शेजारणीला कारागीर जानेवारीपूर्वी मोकळा मिळाला नाही. घर तेच, थंडी तीच, पण दोघींच्या खर्चात दोन हजार डॉलरांचा फरक.

या सगळ्यापेक्षा आपल्याकडचा एक साधा प्रयोग मला फार शहाणपणाचा वाटतो, आणि त्यात सूट नव्हतीच! तो म्हणजे एलईडी दिव्यांचा. त्याआधी २००९ साली ‘बचत लॅम्प योजना’ निघाली होती. सीएफएल दिवा जुन्या पिवळ्या दिव्याच्या किमतीत द्यायचा आणि उरलेली रक्कम परदेशी बाजारात कार्बनची पत विकून उभी करायची, असा बेत होता. पतीचा भाव कोसळला आणि बेतही कोसळला. ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या ‘उजाला’ने ती वाट सोडली. सरकारच्याच कंपन्यांनी मिळून काढलेल्या ‘एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस’ या संस्थेने कोट्यवधी दिव्यांची मागणी एकत्र केली आणि कारखानदारांकडून निविदा मागविल्या. जो दिवा २०१४ च्या सुमारास तिला ३१० रुपयांना पडत होता, तो २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. खजिन्यातून अनुदान नाही. अनेक ठिकाणी गिऱ्हाइकाने दहा रुपये देऊन दिवा न्यायचा आणि बाकीची किंमत महिना दहा रुपयांप्रमाणे विजेच्या बिलातून फेडायची. साठ वॅटच्या जागी नऊ वॅट जळत असल्यामुळे बिलाची बचतच तो हप्ता भागवी. छत्तीस कोटींहून अधिक दिवे अशा तऱ्हेने घरोघर गेले. माझ्या लहानपणी खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवला नाही तर आई हाक मारून परत बोलावी. आज माझ्या मुलीला मी बोलावते ते निव्वळ वळण म्हणून.

ही खरी तहकुबी. आणि तिचे पुढचे पाऊल पंख्याचे असायला हवे होते. साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॅट खातो; बीएलडीसी जातीचा नवा पंखा तेवढाच वारा तिसाच्या आसपास वॅटमध्ये देतो. १ जानेवारी २०२३ पासून पंख्यांवरही ताऱ्यांची पट्टी सक्तीची झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याच संस्थेने एक कोटी पंख्यांचा कार्यक्रम जाहीर केला, सोबत वीस लाख इंडक्शन शेगड्यांचाही. पण दिव्याचा बोलबाला झाला तसा पंख्याचा अजून आमच्या गल्लीत तरी ऐकू आलेला नाही. बोलबाला होतो तो एसीचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला, आणि एक ताऱ्याचा असो की पाच ताऱ्यांचा, कर दोघांनाही सारखाच उतरला. वीज वाचविणाऱ्याला आणि उधळणाऱ्याला एकाच पंगतीत बसविण्याचे हे औदार्य मला तरी समजले नाही.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या खोलीवर पत्रा आहे. एप्रिल-मेमध्ये त्यांचा पंखा पंधरा-सोळा तास फिरतो. मी एकदा त्यांना कागदावर हिशेब मांडून दाखविला. पंधरा तासांना पाऊण युनिटाच्या आतबाहेर बचत, महिन्याला वीस युनिटे. सहा रुपये युनिट धरले तर एकशेवीस रुपये. नवा पंखा जुन्या जातीपेक्षा हजार-बाराशेने महाग, तेव्हा उन्हाळ्यासारखे दहा महिने गेले की फिटला.

मावशींनी कागद नीट पाहिला. मग म्हणाल्या, “ते खरं हो ताई. पण दहा महिन्यांनी वाचणारे पैसे आज दुकानदार घेतो का?” आणि थोडे थांबून, “मागं तो बल्ब बिलात टाकून दिला होता. तसा पंखा देतात का, विचाराल?”

पुढल्या आठवड्यात बिल भरायला गेले तेव्हा मी विचारले. खिडकीतल्या गृहस्थांना तशी काही योजना ठाऊक नव्हती. सूर्यघराचे माहितीपत्रक मात्र त्यांनी आपणहून दिले. ते मी मावशींना दाखविले. चित्रातल्या कौलारू बंगलीकडे त्या बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “छान आहे हो घर. कुणाचं?”