इंजिनात पाणी आलं कुठून?

ऑइल दुधाळ दिसलं की आपला मेस्त्री लगेच निदान करतो: हेड गॅस्केट गेलं, कूलंटचं पाणी ऑइलमध्ये शिरलं. बहुतेकदा त्याचं बरोबर असतं. पण अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगमधली ‘टॉप अल्कोहोल’ गाडी दाखवली, तर तोही चक्रावेल. तिच्या अखंड ॲल्युमिनियममधून कोरलेल्या ब्लॉकमध्ये पाणी खेळवायच्या वाटाच नसतात. पाव मैल ती पाच-साडेपाच सेकंदांत कापते. आणि तरी आतलं ऑइल मिल्कशेकसारखं!

हे पाणी आगीतूनच येतं. ही गाडी मिथेनॉल या अल्कोहोलवर चालते, आणि ते जळताना त्यातल्या हायड्रोजनचं पाणी होतं; एक लिटर मिथेनॉलमागे सुमारे ९०० मिलिलिटर. पेट्रोलही लिटरमागे जवळपास लिटरभर पाणी देतंच, म्हणजे आपली स्कूटरसुद्धा पाणी ‘बनवते’! पण एक किलो पेट्रोलला जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, मिथेनॉलला फक्त साडेसहा. तेवढ्याच हवेत दुपटीहून जास्त इंधन ओतावं लागतं, आणि पाणीही जवळपास दुप्पट होतं.

त्यात मिथेनॉल कमालीचं गार. सुई टोचण्याआधी स्पिरिट लावलं की दंड कसा थंडगार पडतो, तसंच इथे. बाष्प होताना ते पेट्रोलच्या तिप्पट उष्णता शोषतं. सिलिंडरच्या गार भिंतींवरून न जळलेलं इंधन आणि वाफ पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली ऑइलमध्ये उतरतात. रोजच्या गाडीत तासाभराच्या प्रवासात हे सगळं तापून उडून जातं. इथे तापायला वेळ कुठला? शिवाय मिथेनॉल हवेतला दमटपणाही ओढून घेतं, म्हणून त्याचा डबा उघडा ठेवायचा नाही.

मग टीमची लगबग चालते. धावेआधी ऑइल गरम करायचं. धाव संपली की इंजिन गरम आहे तोवर व्हॉल्व्हवरची झाकणं काढायची, वाफ निघू द्यायची. काही दिवस गाडी उभी राहणार असेल, तर काही जण इंजिन थोडा वेळ पेट्रोलवर चालवून मिथेनॉल धुऊन काढतात आणि सिलिंडरमध्ये तेलाचा फवारा मारतात. नाहीतर लोखंडी स्लीव्ह आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांवर गंज धरतो.

एवढं करूनही ऑइल मोजक्याच धावांनंतर काढून टाकावं लागतं. तोवर ते इंजिनात चाललेलं असतं जेमतेम काही मिनिटं.