समुद्राचा खंदक, रेडिओचा पहारा

चहूबाजूंचा समुद्र हा ब्रिटनचा नैसर्गिक खंदक. पण विमानाला खंदक कसला? १९४० साली जर्मन विमाने हल्ले करू लागली, तेव्हा ब्रिटिश हवाई दलाजवळ लढाऊ विमाने मोजकीच होती. ती अष्टौप्रहर आकाशात ठेवावीत, तर इंधन संपणार, वैमानिक थकणार. शत्रूची चाहूल वेळीच लागणे, हेच खरे संरक्षण होते.

ते काम किनाऱ्यावरील रडार-केंद्रांनी केले. तेथून सोडलेल्या रेडिओलहरी विमानावर आदळून परत येत. त्यांचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. समजा, लहर एक सहस्रांश सेकंदात परतली. म्हणजे जाऊन-येऊन ती ३०० किलोमीटर धावली. विमान १५० किलोमीटरवर आहे! ते पोहोचण्यापूर्वी वैमानिकांना उड्डाणास अवधी मिळे. मात्र ही केंद्रे समुद्राकडेच पाहत. किनारा ओलांडून आलेली विमाने टिपण्यास दुर्बिणी घेतलेले निरीक्षकच लागत.